प्रश्न वाचकांचे : पाणचक्कीवरचं प्रेत

(या वेळचे सगळे प्रश्न एकाच गोष्टीभोवतीचे आहेत. कारेलीबागेतल्या एका वाचक मैत्रिणीने दिवाळी अंकासाठी रहस्यकथा लिहायला घेतली आहे. कथा घडते तेराव्या शतकातल्या इंग्लंडमधल्या एका खेड्यात. तिचा प्रश्न मागच्या अंकात छापून उत्तर आम्ही या अंकावर ठेवलं होतं, तेवढ्यात त्यावरच आणखी पत्रं आली. उत्तरं नेहमीप्रमाणे आमच्या ताईंची. बडोद्याच्या न्यायमंदिरात त्यांनी फौजदारी वकिली केली, आणि इंग्लंडच्या जुन्या कायद्यांचा अभ्यास हा त्यांचा कितीतरी वर्षांचा नाद आहे.)

प्रश्न : ताई, माझी गोष्ट १२८६ सालची आहे. सुगी नुकतीच आटोपली आहे. सकाळी पाणचक्कीच्या तळ्यात चक्कीवाल्याचं प्रेत तरंगताना दिसतं, डोक्याला जखम असते. गावात कोणाला काही माहीत नाही. दोन दिवसांनी एक तरुण सरदार घोड्यावरून येतो, प्रेत बघतो, एकेकाला प्रश्न विचारतो आणि आठवड्याभरात खुनी शोधून काढतो. तेव्हा पोलीस नव्हते एवढं मला ठाऊक आहे. मग हा माझा नायक कायद्याने कोण असावा?

उत्तर : साल फार चांगलं निवडलं आहेस. पहिल्या एडवर्ड राजाचा काळ. मयताच्या चौकशीचे नवे कायदे नुकतेच झालेले, जुने बरेचसे अजून चालू, आणि १३१५चा दुष्काळ नि १३४८ची प्लेगची साथ यांना अजून अवकाश.

तुझा नायक कॉरोनर, म्हणजे संशयास्पद मृत्यूची चौकशी करणारा राजाचा अधिकारी, होऊ शकतो. ११९४ सालापासून प्रत्येक कौंटीत, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, राजाचे कॉरोनर नेमले जात. मूळ आदेशात तीन सरदार आणि एक पाद्री-कारकून असं म्हटलं होतं, आणि १२७५च्या कायद्यानेही कॉरोनर सरदारांपैकीच असावा असं बजावलं. त्यामुळे घोडा, तलवार, सोबत लिहिणारा कारकून, हे सगळं बसतं. फक्त एक लक्षात ठेव. हा माणूस शोध लावायला येत नाही, लिहून घ्यायला येतो. मयत कोण, जखम कुठे, कशाने झाली, कोणावर संशय, त्याची मालमत्ता किती किमतीची, हे सगळं तो कातड्याच्या गुंडाळीवर लॅटिनमध्ये उतरवून ठेवतो. ते पुढे राजाच्या न्यायाधीशांसमोर जायचं असतं, आणि त्यात राजाच्या तिजोरीचा हिशेब असतो.

खरी अडचण तुझ्या एका वाक्यात आहे : ‘गावात कोणाला काही माहीत नाही.’ हे वाक्य आधी खोडून टाक.

ते गाव डोळ्यांसमोर आण. तीस-चाळीस घरं. कुडाच्या भिंती, शेणमातीने लिंपलेल्या, शेजारच्या घरातला खोकला ऐकू यावा अशा. शेतं मोठी आणि उघडी, मधे कुंपण नाही. त्यांच्या लांबट पट्ट्या पाडलेल्या, एकेकाच्या पट्ट्या सगळीकडे विखुरलेल्या, त्यामुळे नांगरताना प्रत्येकाला दोन्ही बाजूंचा शेजारी दिसतोच. वयाची बारा वर्षं ओलांडलेला जवळजवळ प्रत्येक पुरुष दहा-बारा जणांच्या एका गटात बांधलेला. गटातल्या एकाने गुन्हा केला तर बाकीच्यांनी त्याला हजर करायचं, नाहीतर सगळ्यांनी दंड भरायचा. अशा गावात चक्कीवाला रात्री मेला आणि सकाळी कोणाला माहीत नाही? माझ्या वकिलीत पादरा, डभोई, सावली या बाजूच्या खेड्यांतली खुनाची प्रकरणं आली. गावाला माहीत नव्हतं असं त्यातलं एकही मला आठवत नाही. साक्षीला उभं राहायला कोणी तयार नसायचं, ती गोष्ट निराळी.

म्हणून माझं म्हणणं असं की तुझ्या कथेतलं रहस्य ‘कोणी मारलं’ हे नकोच. गाव काय सांगायचं ठरवतं आणि का ठरवतं, ते रहस्य घे. तेराव्या शतकातला कायदा त्यासाठी तुला हवं तेवढं सामान देतो. आता सकाळपासून बघू.

प्रेत आधी कोणाला दिसलं? समजा, दळणाचं पोतं घेऊन आलेल्या एका मुलीला. तिच्यावर पहिलं बंधन हाकाटी करण्याचं. ओरडायचं, लोक जमवायचे, आणि ऐकणाऱ्याने हातातलं काम टाकून धावायचं. हाकाटी केली नाही तर तिला दंड, ऐकून आले नाहीत तर गावाला दंड. मग जवळच्या चार शेजाऱ्यांची नावं पुकारली जातात. प्रेत ज्याला आधी दिसलं तो आणि हे चार शेजारी, सगळ्यांनी पुढे न्यायाधीशांसमोर हजर राहण्यासाठी जामीन द्यायचे. गुन्हा केला म्हणून नाही, जवळ राहतात म्हणून. तेव्हा ती मुलगी तळ्याकडे बघून क्षणभर थांबते, ओरडावं की मुकाट्याने परत जावं याचा विचार करते, असा प्रसंग तुला पहिल्या पानावरच मिळतो.

दुसरी गोष्ट, प्रेत हलवायचं नाही. कॉरोनर प्रत्यक्ष बघेपर्यंत पुरायचंही नाही. पुरलं तर उकरून काढायचं आणि वर दंड भरायचा. कॉरोनर कौंटीच्या दुसऱ्या टोकाला असला तर त्याला यायला दिवस लागणार. तोवर गावाने आळीपाळीने प्रेतावर पहारा द्यायचा, भर कामाच्या दिवसांत. मग कोणाच्या मनात येणार नाही की हे शेजारच्या गावाच्या शिवेत नेऊन टाकावं? आपल्या गुजरातेत पगी पाऊल ओळखून माग काढायचे आणि माग ज्या गावाच्या शिवेत शिरेल त्या गावावर जबाबदारी जायची. तिकडे प्रेत ज्या शिवेत सापडेल त्या गावाच्या डोक्यावर खर्च आणि दंड बसे. तुझं प्रेत तर पाण्यात आहे. रात्री बंधाऱ्याची फळी उचलली की काम झालं. फळीला हात कोणी घातला, यावर एक अख्खं प्रकरण उभं राहील.

मग कॉरोनर येतो. आसपासच्या चार गावांचे लोक आणि ‘हंड्रेड’ नावाच्या विभागातले ज्यूरी, म्हणजे शपथेवर जबाब देणारे पंच, जमतात. हंड्रेड म्हणजे अनेक गावांचा मिळून, आपल्या तालुक्यापेक्षा लहान असा विभाग. खुनाच्या चौकशीला बारा वर्षांवरच्या सगळ्या पुरुषांनी यावं असा नियम होता. प्रेत उघडं करून सगळ्यांसमोर ठेवतात. १२७६च्या कायद्यात कॉरोनरने काय बघायचं ते सविस्तर दिलेलं आहे : प्रत्येक जखमेची लांबी, रुंदी, खोली, शरीराच्या कुठल्या भागावर, कोणत्या हत्याराने, त्यात किती जणांचा हात. हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा पुस्तक खाली ठेवून बसले होते. आमच्या कोर्टातल्या इन्क्वेस्ट पंचनाम्यात, जुन्या संहितेच्या कलम १७४खाली आणि आता नव्या संहितेच्या १९४खाली, हेच रकाने असतात. पंच ओळखीचेच आणि पंचांची नजर प्रेतापेक्षा फौजदाराकडे जास्त, हेही मी पाहिलेलं आहे. मुंबईत तर कॉरोनर हे पद १९९९पर्यंत होतं.

आता पैशांकडे ये, कारण तुझ्या गोष्टीचा कणा तिथे आहे.

नॉर्मन लोकांनी १०६६मध्ये इंग्लंड जिंकल्यानंतर एक दंड सुरू झाला. मारलेला माणूस सापडला आणि मारेकरी हाती आला नाही, तर मयत नॉर्मनच होता असं धरून सगळ्या हंड्रेडवर दंड बसवायचा. सुटका एकच : मयत जन्माने इंग्रज होता हे त्याच्या आईकडच्या-बापाकडच्या नातलगांनी येऊन सांगायचं. १२८६पर्यंत नॉर्मन आणि इंग्रज इतके मिसळले होते की या फरकाला काही अर्थ उरला नव्हता, पण दंड मात्र १३४०पर्यंत कायद्यात राहिला. आता तुझा चक्कीवाला परगावचा कर. लांबच्या कौंटीतून आलेला, इथे रक्ताचं कोणी नाही. त्याचा इंग्रजपणा सिद्ध करायला येणार कोण? हंड्रेडवर काही मार्कांचा दंड ठरलेला. एक मार्क म्हणजे १६० पेन्स, आणि शेतमजुराची रोजची मजुरी दीड-दोन पेन्स.

पण १२६७च्या कायद्याने एक दार उघडलं होतं. मृत्यू अपघाती असेल तर हा दंड बसवायचा नाही. म्हणजे चक्कीवाला पाय घसरून पडला आणि चाकाने डोकं फुटलं असं ज्यूरींनी शपथेवर सांगितलं, की आसपासची सगळी गावं सुटली. मात्र मग चाक अडकतं! ज्या वस्तूने माणूस मेला ती राजाची, असा नियम होता. बैलाने मारलं तर बैल, गाडीखाली आला तर गाडी, चक्कीने मारलं तर चाक. वस्तूची किंमत ज्यूरींनीच ठरवायची आणि ती वसूल करून देण्याची जबाबदारी गावावर. हा नियम इंग्लंडमध्ये १८४६पर्यंत टिकला. चक्की असते जमीनदाराची, म्हणून त्याचा कारभारी ज्यूरींच्या मागे उभा राहून चाकाची किंमत कमी सांगायला लावणार.

तुझ्याकडे आता एकच प्रेत आहे आणि तीन जबाब. खून म्हणावं तर मारेकऱ्याचं नाव द्यावं लागतं, आणि तो आपल्यातला. अनोळखी माणसाने मारलं म्हणावं तर दंड. अपघात म्हणावं तर चाक जातं आणि जमीनदार रागावतो. हे तीन जबाब गावाला आदल्या रात्री, बिअर गाळणाऱ्या एखाद्या बाईच्या घरी बसून तोलू दे.

आणि एवढ्यावर संपत नाही. राजाचे फिरते न्यायाधीश काही वर्षांनी कौंटीत येतात तेव्हा ज्यूरींना पुन्हा सगळं तोंडी सांगावं लागतं, आणि ते सांगणं कॉरोनरच्या गुंडाळीशी ताडून बघतात. फरक निघाला की दंड. तेव्हा तुझ्या गावाला ही गोष्ट वर्षानुवर्षं तोंडपाठ ठेवायची आहे. त्या दिवशी बारा वर्षांचा असलेला मुलगा तोवर जाणता झालेला असेल. त्याला काय वाटतं, ते मला वाचायला आवडेल.

प्रश्न : पण चक्कीवाल्यालाच कोण कशाला मारेल? त्यापेक्षा जमीनदाराचा खून जास्त पटला असता. – दांडिया बाजार

उत्तर : चक्कीवाल्यावर गावाचा राग असायला भरपूर कारण होतं. जमिनीला बांधलेल्या कुळांनी धान्य जमीनदाराच्याच चक्कीवर दळायचं असा दंडक असे. दळणाचा ठरलेला हिस्सा चक्कीवाला कापून घेई, आणि माप त्याच्याच हातात. घरी जातं ठेवणं म्हणजे चक्कीचं उत्पन्न बुडवणं. जाती शोधून जप्त केली जात.

यातला सगळ्यात बोलका प्रसंग सेंट ऑल्बन्स गावचा आहे. तिथल्या मठाधिपतीने चौदाव्या शतकात लोकांची जाती जप्त केली आणि त्या दगडांची मठातल्या बैठकीच्या खोलीत फरशी घातली. येणारा-जाणारा त्यावरून चालत राहिला. १३८१मध्ये शेतकऱ्यांचं बंड झालं तेव्हा लोक मठात शिरले, त्यांनी ती फरशी उखडली आणि दगडांचे तुकडे आपापसांत वाटून घरी नेले. मधे जवळजवळ अर्धं शतक गेलं होतं. ज्यांची जाती गेली त्यांतले बरेचसे मरून गेले असतील. त्यांच्या मुलासुनांनी ती आठवण ठेवली. आपल्या आजीचं जातं कोणाच्या तरी पायाखाली आहे हे माहीत असलेली माणसं काय करू शकतात, याचा विचार केला की खुनाचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही.

जमीनदार मारायचाच असेल तर तसाही एक खरा प्रसंग आहे. राजाच्या खजिन्याचा न्यायाधीश रॉजर बेलर्स १३२६च्या जानेवारीत लेस्टरशरमधल्या रिअर्सबीजवळ रस्त्यात मारला गेला. मारणारे फॉलव्हिल घराण्यातले भाऊ आणि त्यांचे साथीदार, म्हणजे त्याच भागातले जमीनदार. कोणी मारलं हे सगळ्या परगण्याला माहीत होतं. पुढच्या वर्षी राजा बदलला आणि त्यांना माफी मिळाली. भावांतला एक, रिचर्ड, टी नावाच्या खेड्यात पाद्री होता. त्याला पुढे १३४०च्या सुमारास त्याच्याच चर्चमधून ओढून बाहेर काढून त्याचं डोकं उडवलं. पण ही बड्या लोकांची कथा झाली. मला चक्कीवालाच बरा वाटतो.

प्रश्न : मी निवृत्त वैद्य आहे. खून विषाने झाला असं दाखवलं तर जास्त रंगत येणार नाही का? तिकडे कोणती विषं मिळत? – मांजलपूर

उत्तर : विषं दारात होती, वैद्यराज. आपल्या वचनागाच्या कुळातली निळ्या फुलांची एक जात तिकडे ओढ्याकाठी उगवते. खुरासानी ओवाही तिथे रानात सापडतो. ‘हेमलॉक’ तर शेताच्या बांधावर असते, ओव्यासारख्या पांढऱ्या फुलांची. धोत्रा मात्र वापरू नका. आज इंग्लंडमध्ये दिसतो तो पांढरा धोत्रा अमेरिकेतून पुढे आलेला आहे.

तरी मी तिला विष सुचवणार नाही. कॉरोनर बघायचा ते बाहेरून. व्रण, सूज, रंग. पोटात काय आहे हे ओळखायचं साधन नव्हतं. सोमल पकडणारी भरवशाची रासायनिक परीक्षा १८३६मध्ये आली. खेड्यातले त्या काळचे खून बहुतेक समोरासमोरचे आहेत. सुरी, काठी, कुऱ्हाड, कुदळ. पुरुषाच्या कमरेला सुरी कायमच असायची, कारण जेवायलाही तीच लागे. दोन माणसं पिऊन बाहेर पडली, बांधावरून बोलाचाली झाली आणि सुरी निघाली, असा मामला.

विषाचा संशय आला तर तो घरच्या बाईवर जायचा. बायकोने नवऱ्याला किंवा नोकराने धन्याला मारणं हा साध्या खुनापेक्षा वरचा गुन्हा, धन्याशी द्रोह. १३५२च्या कायद्यात तो तसा लिहून ठेवला आहे. त्याला बाईसाठी शिक्षा होती जिवंत जाळण्याची. नवऱ्याने बायकोला मारलं तर तो साधा खून. याबद्दल लिहायचं असेल तर ती वेगळी आणि मोठी गोष्ट होईल. रंगत आणायला म्हणून तिला हात लावू नये.

प्रश्न : संशयिताला तापलेलं लोखंड हातात धरायला लावत, असं शाळेत वाचलं होतं. – प्रतापनगर

उत्तर : १२८६मध्ये नाही. दिव्य करायला पाद्री लागायचा. लोखंडावर किंवा पाण्यावर मंत्र म्हटल्याशिवाय देवाचा कौल कसा मिळणार? १२१५च्या लॅटरन परिषदेत पोपने पाद्र्यांना यात भाग घ्यायला मनाई केली आणि १२१९मध्ये इंग्लंडच्या न्यायाधीशांना दुसरी वाट शोधायला सांगण्यात आलं. ती वाट म्हणजे ज्यूरी. आपल्याकडे उकळत्या तेलातून तुकडा उचलायचं रवादिव्य पेशवाईतही होत होतं, तेव्हा तिकडे ते लवकर सुटलं म्हणायचं.

पण आरोपीने ‘मला ज्यूरी मान्य आहे’ असं म्हणावं लागे. नाही म्हटलं तर? १२७५च्या कायद्याने अशाला कडक कैद सांगितली : जमिनीवर झोपणं, अगदी थोडं अन्न-पाणी. पुढे यातूनच छातीवर वजनं ठेवण्याची रीत निघाली. काही माणसं ते सोसून मेली, कारण शिक्षा झाली नाही तर मालमत्ता जप्त होत नसे आणि बायकामुलांच्या तोंडचा घास राहत असे.

प्रश्न : मारेकरी पळून चर्चमध्ये लपला तर त्याला पकडता येत नसे, हे खरं का? मग तो सुटलाच की! – रावपुरा

उत्तर : खरं आहे, पण सुटला म्हणू नका. चर्चचा आसरा चाळीस दिवसांचा. तेवढ्या दिवसांत त्याने बाहेर येऊन खटल्याला सामोरं जायचं किंवा कॉरोनरला बोलावून गुन्हा कबूल करायचा आणि देश सोडायची शपथ घ्यायची. तोवर चर्चवर पहारा कोणाचा? पुन्हा गावाचाच. तो निसटला तर दंड गावाला. खुनी आत अन्न खातोय आणि त्याचे शेजारी बाहेर थंडीत पाळ्या लावून उभे आहेत. त्यातला एखादा त्याचा मेहुणा असू शकतो, एखादा मयताचा मित्र. त्या रात्रींमध्ये किती बोलणं होत असेल, याची कल्पना करून बघा.

शपथ चर्चच्या फाटकाशी होई. कॉरोनर बंदर ठरवून देई, बहुतेकदा लांबचं, आणि पोचायला दिवसही नेमून देई. अंगावर साधं गोणपाटासारखं वस्त्र, कमरपट्टा नाही, डोकं उघडं, पाय अनवाणी, हातात लाकडी क्रूस. सरळ राजरस्त्याने चालायचं. रस्ता सोडला तर तो कोणीही मारावा असा माणूस, आणि असे कितीतरी जण वाटेत मारले गेले. बंदरावर जहाज नसेल तर रोज गुडघाभर पाण्यात उतरून दाखवायचं, की मी जायला तयार आहे. मागे त्याची गुरं, भांडी, साठवलेलं धान्य यांची किंमत ठरवून ते राजाकडे जमा. घरात बायको असेल तर तिच्या देखत मोजदाद.

१२८५च्या विंचेस्टरच्या कायद्यात राजरस्त्याच्या दोन्ही बाजूंची दोनशे-दोनशे फुटांतली झाडंझुडपं तोडायला सांगितली होती, दबा धरून बसायला जागा राहू नये म्हणून. कथा १२८६ची आहे, म्हणजे तुमचा हा अनवाणी माणूस निघेल तेव्हा रस्त्याकडेला ताजे बुंधे दिसायला हरकत नाही.

प्रश्न : मी नववीत आहे. त्या गावातले लोक काय खात असतील? – निजामपुरा

उत्तर : वाटाणे, घेवड्यासारख्या मोठ्या दाण्यांच्या शेंगा, कोबी, कांदे, लसणीच्या जातीची लीक नावाची भाजी, हे सगळं एका मडक्यात शिजवलेलं पातळ कालवण. सोबत राय नावाच्या धान्याचा किंवा जवाचा काळपट पाव. प्यायला घरी गाळलेली फिकट बिअर. सणाला डुकराचं मांस. बटाटा, टोमॅटो, मका, मिरची यातलं काहीही नाही, ते सगळं अमेरिकेतून नंतर आलं. चहाही नाही. मिरी मात्र होती. ती मलबारहून तिथपर्यंत पोचत होती, पण श्रीमंतांच्या घरी. गोष्ट लिहिणाऱ्या ताईला सांग, कथेत कोणाला बटाटा खायला देऊ नकोस.

प्रश्न : ताई, तुमची उत्तरं मला आधी फोनवर ऐकायला मिळाली त्याबद्दल आभार. सरदार मी कॉरोनर केला, गाव बोलायचं टाळतं हेही लिहिलं. पण आता शेवट सुचत नाही. गावाने ‘अपघात’ म्हटलं आणि सगळे घरी गेले, इथे गोष्ट संपवली तर वाचकाला फसवल्यासारखं होईल. खटला भरला तरी ज्यूरी सोडूनच देणार, असं तुम्ही म्हणालात. – पुन्हा कारेलीबाग

उत्तर : हो, ज्यूरी बहुतेक आरोपींना सोडत. फाशी किंवा काहीच नाही, अशी निवड असली की शेजारी हात आखडता घेतात. परका, भटका, नेहमीचा चोर असेल तर मात्र घेत नसत. ज्याला वाचवायचं त्याच्यासाठी ज्यूरी गोष्ट अशी सांगत की मयतानेच आधी हल्ला केला, हा मागे सरत सरत भिंतीला टेकला आणि जीव वाचवायला दुसरा मार्ग उरला नाही. मग राजाची माफी येई. हे वाचताना मला राग येत नाही. ज्या गावात त्याच माणसांबरोबर पुढची तीस वर्षं नांगरायचं आहे तिथे शपथेवर काय बोलायचं, याचा विचार माणसं करणारच. पण मयताचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि तुझा शेवट तिथे आहे.

चक्कीवाल्याला बायको दे. ती याच गावची, तो परका. ती त्याच्या रक्ताची नाही, म्हणून त्याचा इंग्रजपणा सांगायला तिचा उपयोग नाही. चौकशीच्या ज्यूरींत बाई बसत नाही. पण एक गोष्ट कायद्याने तिच्या हातात ठेवलेली आहे. १२१५च्या मॅग्ना कार्टा या राजाच्या सनदेतलं ५४वं कलम सांगतं की बाईच्या फिर्यादीवरून कोणालाही खुनासाठी पकडू नये, तिच्या नवऱ्याचा खून सोडून. हे कलम बायकांना अडवण्यासाठी लिहिलं होतं. मुलगा मारला, भाऊ मारला, तर तिला फिर्यादच नाही. तरी त्यातली ती एक फट उघडी राहिली आणि शेकडो विधवा त्यातून आत गेल्या.

तिला कौंटीच्या कोर्टात जावं लागेल. ते साधारण महिन्याने भरतं. तिथे ती नाव घेऊन फिर्याद मांडेल. फिर्यादीचा साचा ठरलेला असतो : कुठल्या दिवशी, कुठल्या वेळी, कुठे, कोणत्या हत्याराने, जखम केवढी, आणि नवरा ‘तिच्या मिठीत असताना’ मारला गेला. शब्द चुकला की फिर्याद कोसळते. नवरा तर तळ्यात सापडला आणि ती घरी झोपली होती, हे सगळ्या सभेला माहीत आहे. तरीही तिने ते म्हणायचं, तोंड उघडून, गावच्या पुरुषांसमोर. मोठ्या आवाजात म्हणू दे. माझ्या अशिलांमध्ये अशा बायका होत्या, फिर्यादीतली वकिली भाषा पाठ करून आलेल्या, आणि ती म्हणताना त्यांचा आवाज कुठे फुटतो ते मी ऐकलेलं आहे.

आरोपी आला नाही तर त्याचं नाव सभेमागून सभेत पुकारतील. पाचव्या सभेलाही तो हजर झाला नाही तर तो कायद्याबाहेर. या प्रत्येक सभेला तिने पायी जायचं आहे. गाव तिला वाटेत गाठून समजावणार. कदाचित पैसे देणार, कारण तिने फिर्याद धरून ठेवली तर ‘अपघात’ म्हणणारे सगळे अडचणीत येतात. ती तिसऱ्या सभेनंतर थांबेल की पाचवीपर्यंत जाईल, हे तू ठरव. मात्र ती थांबली तरी मामला मिटत नाही, एवढं लक्षात असू दे. फिरते न्यायाधीश पुढे कौंटीत येतील तेव्हा अर्धवट सोडलेली फिर्याद त्यांच्यासमोर येईल. आधी तिला दंड करतील, आणि मग राजाच्या वतीने तोच प्रश्न ज्यूरींना विचारतील : या माणसाने चक्कीवाल्याला मारलं की नाही?

मसुदा झाला की पाठव. कौंटी कोर्टाचा प्रसंग आधी लिही, बाकीचं त्याच्याभोवती बसवता येईल.